दोन बोटांची जागा

फागुन लागला होता. दारव्ह्याच्या भोवतालची कापसाची वावरं वेचून वेचून रिकामी झाली होती. उरल्या होत्या नुसत्या पऱ्हाट्या, वाळक्या, काळपट, वाऱ्यानं खुळखुळ वाजणाऱ्या. त्या उपटायच्या, गाडीत रचायच्या, घरी आणून वर्षाचं जळण करायचं. आठ वर्षांची बिजली त्या भाऱ्यावर बसून गाणं म्हणत तांड्याकडे येत होती. नाल्याच्या उतारावर गाडीचं एक चाक दगडावर चढलं आणि गाणं अर्ध्यातच राहिलं. पोर खाली पडली ती उजव्या पायाची नळी मोडूनच.

हे सोमवारी सकाळी झालं. जमनी आणि पूनमसिंग, पोरीचे आईबाप, दुपारच्या रेल्वेच्या लहान गाडीनं तिला यवतमाळला घेऊन गेले. तिथं डॉक्टर कोंडावारांचा दवाखाना होता. डॉक्टरांनी हाड ओढून जागेवर बसवलं, पांढऱ्या चुन्यात भिजवलेल्या पट्ट्या पायावर गुंडाळल्या, मांडीपासून पार पावलापर्यंत. फक्त बोटं उघडी ठेवली. दीड महिना पाय असाच राहील, पाणी लागू द्यायचं नाही, असं मराठीत सांगितलं. मग एका कागदावर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि कागद पूनमसिंगच्या हातात दिला. हात धुता धुता त्यांनी विचारलं, फार घट्ट तर नाही ना वाटत?

आणि जमनी म्हणाली, "नाही जी. पक्कं बांधलं."

बिजलीही म्हणाली, "पक्कं."

आता या दोघी काहून असं बोलल्या, ते तांड्यातल्या माणसालाच कळावं. हा तांडा बंजाऱ्यांचा. आज नांगर धरतात, तूर-जवारी पेरतात. पण दोन पिढ्यांमागं हेच लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरत. त्या फिरतीला ते लदेणी म्हणत. रेल्वे आली आणि लदेणी बसली, पण तिच्या रीती घरात राहून गेल्या. त्यातली एक अशी की दुसऱ्यानं तुमचा माल बांधून दिला तर 'पक्कं झालं' म्हणायचं. जेवून उठताना चांगलं झालं म्हणावं तसं. बांधणाऱ्याच्या गाठीला नाव ठेवणं म्हणजे त्याच्या हाताला नाव ठेवणं. दुसरी रीत त्याहून कडक: ज्याची गाठ त्यानंच सोडावी. वाटेत कितीही अडलं तरी दुसऱ्याच्या गोणीच्या गाठीला कोणी हात लावायचा नाही.

मंगळवारी दुपारी तिघं घरी आली. संध्याकाळपासून पोर कण्हायला लागली. जमनीनं पाय उशीवर ठेवला, पंखा हलवला, मोडल्या हाडाचं दुखणं आहे, दुखणारच, असं स्वतःला समजावलं. बुधवारी उजाडलं तेव्हा पोर कण्हायची थांबली होती. जमनीला आधी बरं वाटलं. मग तिनं पलस्तराबाहेरची बोटं पाहिली.

पाचही बोटं टरारून फुगली होती. त्यांचा रंग पिकत आलेल्या जांभळासारखा झाला होता. तिनं अंगठा हातात घेतला तर तो गार होता. फागुनातली सकाळ, घरात सगळं कोमट, आणि तो एक अंगठा गार.

"बिजले, मी धरून राह्यली ते समजते का तुले?"

"काय धरून राह्यली, याडी?" पोरीनं आईला विचारलं.

पोरीचा पाय जाईल, ही गोष्ट तिनं मनातल्या मनातसुद्धा शब्दात म्हटली नाही. पण ती तिला डोळ्यांसमोर दिसली.

पूनमसिंग म्हणाला की बापूकडून पलस्तर कापून घेऊ. बापू म्हणजे म्हातारा भीमसिंग, जमनीचा सासरा, बिजलीचा आजा; ती त्याला दादा म्हणे. लदेणीच्या शेवटच्या फेऱ्यांत तो बापाबरोबर बैलांमागं चाललेला; तांड्यात हाडमोड, लचक, मुरगळा बघणारा तोच. म्हातारा आला, काठी बाजूला ठेवून पोरीच्या पायाशी बसला, पलस्तरावर बोटानं टिचकी मारून पाहिली. जमनीनं डोक्यावरची ओढणी तोंडापुढं ओढली. सासऱ्याशी सुनेनं सरळ बोलायचं नसतं. अकरा वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. दोघांमधला सगळा कारभार बिजलीमार्फत चाले.

"बिजले, तुह्या दादाले सांग, हे कापून द्या म्हणा," जमनी म्हणाली.

"बिजले, तुह्या याडीले सांग, गाठ माही नाही," म्हातारा म्हणाला. "ज्याची हाय त्याले सोडाले लावा. मी कापलं आन् हाड सरकलं, त मंग कोनाच्या नावानं रडसान?"

बिजली दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. तिला काही सांगायची गरज नव्हती, दोघांनाही ऐकू येत होतं. एरवी ती यावर हसायची.

पूनमसिंग चिडला. पोरीची बोटं काळी पडून राहिली आणि बापू अजून मिठाच्या गोण्याच वाहून राहिला, असं काहीतरी तो बोलला. म्हाताऱ्यानं ते ऐकून घेतलं. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण हात मांडीवरून हलला नाही. जमनीला त्याचा राग आला, आणि त्याच वेळी तिला उमगलं की म्हातारा खोटं बोलत नाही. हाडाची जागा डॉक्टरांनी पाहिली होती, म्हाताऱ्यानं नव्हती.

"पहिले मले हे सांगा, कागदावर काय लिहिलं हाय," ती नवऱ्याला म्हणाली.

तांड्याच्या टोकाला शाळा होती, दोन खोल्यांची. कळंबच्या सत्यशीलाबाई तिथं मास्तरीण होत्या. मॅट्रिक झालेल्या, इंग्रजी येणाऱ्या त्या एकट्याच. जमनी कागद घेऊन धावतच गेली. बाईंनी पोरांना पाढे म्हणायला लावले आणि कागद खिडकीपाशी नेला. डॉक्टरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. पण बाईंनी लावलं. पहिली ओळ, टाईट असेल तर लगेच परत आणा. दुसरी ओळ, प्लास्टर उभं चिरावं. खाली सही.

"टाईट म्हंजे?" जमनीनं विचारलं.

तिला शब्द ठाऊक नव्हता असं नाही. गाडीच्या आसाला पाचर ठोकली की पूनमसिंग म्हणायचा, टाईट झाली. पण कागदावरचा शब्द आणि बोलण्यातला शब्द एकच का, याची तिला खात्री हवी होती. बाईंनी टेबलाच्या खणातून डिक्शनरी काढली. तिची पाठ निघालेली होती, कोणीतरी दोऱ्यानं शिवलेली. बाईंनी वाचून दाखवलं: घट्ट, आवळ, तंग, काचणारा.

"मंग त्यातला कोनता?"

पोरांना समजावावं तसं बाईंनी सांगितलं की तो शब्द कशाला लावला त्यावर ते आहे. डब्याचं झाकण टाईट असलं तर चांगलं, लोणचं टिकतं. चप्पल टाईट असली तर वाईट, पाय सोलतो. डॉक्टर लिहितात ते चपलेसारखं समज.

"आन् किती? किती आवळलं म्हंजे टाईट म्हनायचं?"

सत्यशीलाबाईंनी पानावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं, वरून खाली. मग डिक्शनरी मिटली. "किती ते यात नसतं, जमनीबाई. ते पायाला विचारायचं असतं."

शेजारच्या खोलीत सत्तावीस त्रिक चुकत होतं. जमनीनं कागद चोळीत खोचला. दारात जाऊन ती परत वळली आणि म्हणाली, "मले डॉक्टरनं इचारलं होतं, बाई. घट्ट हाय काय म्हनून. म्या म्हनलं पक्कं हाय."

"मग आता जाऊन सांगा, काय आहे ते," बाई म्हणाल्या.

परत येताना तिच्या मनात एक जुनं गाणं घोळत होतं. गोण्या लादताना म्हणायचं ते गाणं. तांड्यात लदेणी उरली नव्हती, पण लग्नाच्या घरी म्हाताऱ्या ते अजून म्हणत. त्यांच्या बोलीतलं गाणं मराठीत आणलं तर असं होईल:

घट्ट बांध रे तू गोणी, वाट लांबची चढाची
दोन बोटं सोड जागा, माझ्या बैलाच्या जीवाची.

तिनं ते शंभरदा म्हटलं होतं. दोन बोटं कुठली, ते तिला सासऱ्यामुळंच माहीत होतं. बैलाच्या पोटाखालून चामड्याची वादी घेत, ती ओली असताना बांधत, आणि वाळली की ती आवळे. म्हणून बांधतानाच वादी आणि पोट यांच्यामध्ये दोन बोटं घालून बघायची. बोटं शिरली तर बैल पंधरा कोस चालेल. नाही शिरली तर तो चालेल, काही बोलणार नाही, आणि तिसऱ्या मुक्कामाला बसेल तो उठणार नाही. म्हातारा हे बिजलीला सांगायचा तेव्हा शेवटचं वाक्य नेहमी हळू बोलायचा.

घरी आल्यावर ती सरळ पोरीच्या पायाशी बसली आणि पलस्तराच्या खालच्या काठात बोट घालू लागली. दोन तर सोडाच, करंगळीचं नखही आत जाईना.

"दुपारच्या गाडीनं जातो आम्ही," ती म्हणाली. हे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं की बिजलीला नव्हतं. घरालाच सांगितलं होतं.

पूनमसिंग म्हणाला की डॉक्टरनं दीड महिन्यानं बोलावलं आहे, तिसऱ्या दिवशी कोण उभं करील? जमनी भाकरी बांधू लागली. पूनमसिंगनं दोनदा आत-बाहेर केलं आणि मग पागोटं डोक्याला गुंडाळलं. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. म्हाताऱ्यानं आपल्या हातानं गाडी जुंपली होती, आणि गाडीत जवारीचा कडबा हातभर जाड पसरला होता.

"बिजले," म्हातारा पोरीला उचलून ठेवताना म्हणाला, "तुह्या याडीले सांग, पाय उंच ठेव म्हना. आन् नाल्यात मी बैल हातानं धरतो."

दारव्ह्याचं स्टेशन दीड कोस. लहान गाडी नेहमीसारखी उशिरानं आली आणि नेहमीसारखी आपल्याच मर्जीनं चालली. एका वळणावर कोणाची म्हैस रुळावर होती तर गाडी थांबली. ड्रायव्हर उतरून म्हशीच्या धन्याशी बोलत उभा राहिला. डब्यातले लोक त्यावर विनोद करत होते. एक म्हातारा म्हणाला की ही गाडी म्हशीची सोयरी आहे, मान राखावा लागतो. जमनी हसली नाही. पोरीचा पाय मांडीवर घेऊन ती दर स्टेशनाला अंगठ्याचं नख दाबून बघत होती. आपलं नख दाबलं की पांढरं होई आणि सोडलं की लगेच लाल. पोरीचं पांढरं होई आणि पांढरंच राही. मग कितीतरी वेळानं निळं.

यवतमाळला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आणि दवाखान्याच्या ओसरीवर कळलं, डॉक्टर नाहीत. मुकुटबनकडे कोणाला तरी बघायला गेले, उद्या सकाळी येतील. होते ते किसनराव, दवाखान्यातले मलमपट्टी करणारे ड्रेसर. पन्नाशीचे, पांढरा कोट, कोटाच्या खिशाला पिवळ्या औषधाचे डाग. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पोरीला बाकावर निजवलं, डोक्यावरून हात फिरवला, बोटांकडे पाहिलं. थोडी सूज येतेच, म्हणाले. पाय उंच ठेवा, सकाळी साहेब बघतील.

"सकाळपर्यंत नाही थांबत," जमनी म्हणाली. "तुमी चिरा."

"डॉक्टरसाहेबाच्या पलस्तराले मी हात लावत नाही, बाई. त्याईनं बांधलं, तेच सोडतीन."

जमनी त्यांच्याकडे बघतच राहिली. तेच शब्द. तांड्यातून पंधरा कोसांवर, पांढऱ्या कोटातल्या माणसाच्या तोंडून सासराच बोलत होता. पूनमसिंगनं मान खाली घातली आणि तो ओसरीच्या पायरीवर जाऊन बसला. यापुढं बोलणं संपलं, असं त्याच्या बसण्यावरून दिसत होतं. दुसऱ्याच्या गाठीपुढं काय बोलणार?

जमनीनं चोळीतला कागद काढला, उलगडला, मांडीवर सरळ केला आणि किसनरावांपुढं धरला.

"गाठ त्याईचीच हाय. सोडाचा हुकूमही त्याईचाच हाय. हे पाहा सही."

किसनरावांनी चष्मा चढवला. अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं. दोनदा वाचून ते म्हणाले की हो, लिहिलं आहे, पण टाईट असेल तर असं लिहिलं आहे. आणि प्लास्टर तर टाईटच असतं. सैल असलं तर हाड कसं बसेल? रोज चार जण येतात, टाईट वाटते म्हणतात. सगळ्यांचं चिरत बसलो तर झालंच.

"किती टाईट?" जमनीनं विचारलं.

"म्हंजे?"

"तुमी इतके वर्षं बांधता. किती टाईट झालं म्हंजे तुमी टाईट म्हन्ता?"

हा प्रश्न किसनरावांना आजवर कोणी विचारला नव्हता. जमनीनं त्यांचा हात धरला. परक्या पुरुषाचा हात, पण तिला त्या घटकेला काही सुचत नव्हतं. तिनं त्यांची दोन बोटं पलस्तराच्या काठावर नेली.

"घाला आत. आमच्यात ढोराच्या वादीतही दोन बोटं ठेवतेत. ओली वादी वाळली की आवळते म्हनून."

किसनरावांनी एक बोट घालायचा प्रयत्न केला. मग करंगळी. मग ते हळू आवाजात म्हणाले, जणू स्वतःलाच समजावत होते, की प्लास्टर वाळून आवळत नाही, वादीसारखं नाही ते. पाय आतून फुगतो.

"बैलाचंही पोट फुगते," जमनी म्हणाली. "वादी आवळो की पोट फुगो, जागा त तेवढीच जाते न?"

तिनं पोरीचा अंगठा दाबला आणि सोडला. दोघंही बघत राहिले. ओसरीवरच्या कंदिलाची काच कोणीतरी पुसत होतं, त्याचा चिर्र चिर्र आवाज तेवढा येत होता. नख पांढरं ते पांढरंच. मग तिनं किसनरावांचा अंगठा दाबला आणि सोडला. तो लगेच लाल झाला.

"दुखते काय गं तुले?" किसनरावांनी पोरीला विचारलं.

बिजलीनं आईकडे पाहिलं. बांधणारा समोर उभा असताना काय म्हणायचं, ते तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं.

जमनी वाकली. "बिजले, पक्कं म्हनू नको. खरं सांग. मी म्हनली ते खोटं होतं."

"काल लय दुखे," पोर म्हणाली. "आता पाय कुठी हाय तेच समजत नाही."

किसनरावांनी कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. "साहेबाचंच ऐकाले पाह्यजे मले," ते पुटपुटले, आणि आत जाऊन लांब दांड्याची कातर घेऊन आले. पूनमसिंगला त्यांनी पाय धरायला बोलावलं. तो पायरीवरून असा उठला की पागोटं तिथंच राहिलं.

पलस्तर कापायला वेळ लागला. वरपासून खालपर्यंत, हाडाच्या बाजूनं, एकेक बोट अंतर कातरत. आतली कापसाची पट्टीही त्यांनी कापली; तीच जास्त रुतली होती, कातडीवर तिची वीण उमटली होती. शेवटची कातर पडली तसे पलस्तराचे दोन्ही काठ आपणहून दूर झाले, शेंग फुटावी तसे. हाडाला धक्का लागला नव्हता. मागची अर्धी बाजू पाय धरून होती.

मग बघत बसणं आलं. जमनीनं अंगठा दाबला. पांढरा. थांबली. पुन्हा दाबला. पांढरा. किसनराव घड्याळाकडे बघत होते, पूनमसिंग भिंतीकडे. तिनं किती वेळा दाबला ते तिला पुढं कधी सांगता आलं नाही. बिजलीनंच आधी ओरडून सांगितलं.

"याडी, मुंग्या. लय मुंग्या चावून राह्यल्या."

"चावू दे," जमनी म्हणाली. "चावू दे माय, सगळ्या चावू दे." आणि तिनं दाबलेला अंगठा सोडला तेव्हा त्यात तांबूसपणा सरकत आला, आधी कडेनं, मग मधे.

सकाळी डॉक्टर आले. त्यांनी पाय पाहिला, बोटं हलवायला लावली. चारही हलली, करंगळी तेवढी रुसलेली होती. तीही हलेल, म्हणाले. किसनराव बाजूला उभे होते, बोलणी खायच्या तयारीत. डॉक्टरांनी फक्त विचारलं, किती वाजता चिरलंत? किसनरावांनी सांगितलं. मग त्यांनी चिरलेल्या पलस्तरावरून कापडी पट्टी गुंडाळायला घेतली. आणि जमनीनं पाहिलं, किसनरावांनी काही न बोलता आपली दोन बोटं पट्टीखाली ठेवली होती, गाठ पडेपर्यंत.

"आता कसं आहे?" डॉक्टरांनी विचारलं. या वेळी त्यांनी हात धुवायला घेतले नव्हते. ते उभे राहून उत्तराची वाट बघत होते.

जमनीनं आधी पट्टीत बोटं घालून पाहिली. "आता बरोबर हाय," ती म्हणाली. "उद्या काय होते ते पाहीन, आन् नाही तं पुन्हा येईन."

संध्याकाळी स्टेशनावरून बैलगाडी तांड्याकडे आली तेव्हा भीमसिंग नाल्यापाशीच बसून होता. तो केव्हापासून बसला होता ते कोणी विचारलं नाही. त्यानं बैल हातानं धरून गाडी पार केली, मग गाडीच्या बाजूनं चालता चालता पोरीच्या पावलापाशी हात नेला आणि दोन बोटं पट्टीत सारली. ती शिरली. चार पावलं तो तसाच चालला.

"बिजले," तो म्हणाला, "तुह्या याडीले सांग, गाठ बरोबर हाय."

जमनीनं ओढणी पुढं ओढली. पण या वेळी ती पोरीकडे वळली नाही.

"तुमीच शिकोलं, मामाजी," ती म्हणाली.

म्हातारा एकदम थांबला. अकरा वर्षांनी सून त्याच्याशी सरळ बोलली होती. गाडी पुढं गेली. मागून काठीचा आवाज पुन्हा सुरू झाला, जरा घाईघाईचा. आणि कडब्यावर उताणी पडून बिजली आपलं गाणं म्हणायला लागली, सोमवारी अर्ध्यात राहिलं होतं तिथून.